देवाने माफ केलं म्हणे, मग आत्या कोण अडवणारी?

गोदाकाठची:

नमस्कार. घरातला विषय आहे पण आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या नाशकात होईल म्हणून इथे विचारतेय. ख्रिस्ती, बिगरख्रिस्ती कोणीही उत्तर द्या, फक्त उपदेश नको, तो भरपूर मिळालाय.

आमच्या आजोबांचं शरणपूर भागात बैठं घर होतं, मागे मोकळी जागा, दोन चिंचा. वारस तिघं, मोठे काका, माझे बाबा आणि आत्या. बाबांनी आपला हिस्सा आधीच पैशात घेतला होता, त्यांची काही तक्रार नाही. आत्या नर्स होती, आता रिटायर होऊन नाशिकरोडला एकटी राहते. आजी गेल्यावर काका तिला सब-रजिस्ट्रारकडे घेऊन गेले, वारसनोंद करायचीय, सही अंगठा फोटो लागतो म्हणाले. ती नाइट ड्यूटी उतरून तशीच गेलेली, सख्खा भाऊ सोबत, कोण वाचत बसतं. ते निघालं हक्कसोडपत्र. तिला कळलं ते घरावर बिल्डरचा बोर्ड लागला तेव्हा. आज तिथे बिल्डिंग आहे, काकांकडे त्यातले तीन फ्लॅट आहेत आणि आत्या भाड्याच्या वन बीएचकेत. भावाला कोर्टात खेचू का म्हणून तिने केस केली नाही, बोलणं मात्र बंद.

आता यंदाचं. अँजिओप्लास्टी झाल्यापासून काका फार हळवे झालेत. लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) एका शुक्रवारच्या प्रार्थनासभेत उठले आणि साक्ष दिली, की मी माझ्या रक्ताच्या माणसाला फसवलं होतं, वर्षानुवर्षं झोप नव्हती, पण प्रभूने मला क्षमा केली आणि माझं ओझं उतरलं. सगळे आमेन आमेन, पाळकांनी मिठी मारली, दोन बायका रडल्या. कोणाला फसवलं, काय केलं, एक शब्द नाही. आत्या तिसऱ्या बाकावर बसलेली. आणि सगळ्यांना माहिती की कोणाबद्दल चाललंय.

तेव्हापासून लोक आत्याच्या मागे लागलेत. देवाने माफ केलं, आता तू कोण अडवणारी. तू क्षमा केली नाहीस तर तुझ्या प्रार्थनाही ऐकल्या जाणार नाहीत. पवित्र गुरुवारी प्रभुभोजनाचा ट्रे फिरत होता, ते छोटे छोटे ग्लास, आत्याने ट्रे हातात घेतला, ग्लास न उचलता शेजारणीकडे सरकवला. पुढच्या रांगेत काकांनी घेतला. उपासना संपल्यावर चर्चा कोणाची? आत्याची.

माझा प्रश्न एवढाच की देवाने क्षमा केली हे काकांना कोणी सांगितलं आणि आता पापी आत्या झाली का?

द्राक्षबागायतदार:

मी हिंदू, पिंपळगावचा, त्यामुळे धर्मातलं कळत नाही पण व्यवहारातलं कळतं. ज्याचं देणं आहे त्याला सोडून तिसऱ्याकडून नो ड्यूज घेऊन यायचं हा प्रकार आमच्या सोसायटीत चालत नाही. आमच्याकडेही रामकुंडावर डुबकी मारून मोकळे होणारे आहेत म्हणा, सिंहस्थात बघालच किती येतात ते. त्यातल्या कितींनी भावाचा बांध कोरलाय देव जाणे.

एक_विश्वासी:

ताई, तुमचं दुःख समजतं पण काकांना असं बघू नका प्लीज. भर सभेत उठून मी फसवलं म्हणायला किती धैर्य लागतं? आपल्यापैकी किती जण करतील? बायबलमध्ये १ योहान १:९ स्पष्ट आहे की आपण पाप पदरी घेतलं तर तो विश्वासू आहे, क्षमा करतो. त्यात बहिणीची परवानगी लागते असं लिहिलेलं नाही. आणि प्रभूच्या प्रार्थनेनंतर लगेच मत्तय ६:१५ आहे, तुम्ही क्षमा केली नाही तर तुमचा पिताही करणार नाही. हे मी नाही, येशू म्हणतो. आत्यांच्या भल्यासाठीच लोक सांगत असतील.

पाळकाचा_पोरगा:

लोक आत्यांच्या भल्यासाठी सांगत नाहीत, शांतता हवी म्हणून सांगतात. लहानपणापासून पार्सनेजमध्ये (पाळकांच्या घरात) हे बघत आलोय. भांडणात जो पक्ष गप्प बसेल असं वाटतं त्यालाच क्षमेचं वचन वाचून दाखवतात.

मत्तय ६ वाचलंत तर एक पान मागे मत्तय ५:२३-२४ पण वाचा. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. जायचं कोणी? ज्याने दुखावलं त्याने. अर्पण थांबवायचं कोणाचं? त्याचंच. इथे ट्रे आत्या सरकवतेय आणि काका पितायत, सगळंच उलटं.

आणि ज्यांना जुना करार आवडतो त्यांच्यासाठी गणना ५:६-७. पाप केलेल्याने ते कबूल करावं, घेतलेलं पूर्ण परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा आणि ज्याचा अपराध केला त्याला द्यावं. कबुली आणि परतफेड एकाच दमात आहे, मध्ये पूर्णविराम टाकून अर्धंच वाचायची सोय आपण करून घेतलीय.

द्राक्षबागायतदार:

थांबा थांबा, हिशोब करू द्या. तीन फ्लॅट, त्यात आत्यांचा निम्मा म्हणजे दीड. त्याचा पाचवा हिस्सा पॉइंट तीन. एकूण एक पॉइंट आठ फ्लॅट. राउंड फिगर दोन द्या म्हणावं काकांना 😀 (हलके घ्या)

पाळकाचा_पोरगा:

जक्कयाच्या हिशोबाने गेलात तर चौपट, म्हणजे सहा फ्लॅट, काकांकडे तीनच आहेत. (लूक १९. जकातदारांचा मुखिया होता. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा उभं राहून म्हणाला निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाला लुबाडलं असेल तर चौपट परत. आज या घराला तारण मिळालं हे येशू त्याच्यानंतर म्हणतो.)

वसईवाला_नाशकात:

मी कॅथलिक, नोकरीमुळे नाशकात. आमच्याकडे हे कसं चालतं ते सांगतो, चांगलं वाईट तुम्ही ठरवा.

आमच्याकडे कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, फादरपुढे. लहानपणी फर्स्ट कम्युनियनच्या (पहिल्या प्रभुभोजनाच्या) आधी शिकवतात की आधी आपलं मन तपासायचं, खरा पश्चात्ताप हवा, पुन्हा करणार नाही हा निर्धार हवा, मग फादरना सांगायचं, मग ते सांगतील ते प्रायश्चित्त करायचं. बाहेरच्यांना वाटतं फादर तीन नमो मरिया म्हणायला सांगतात आणि काम झालं. भांडण, खोटं, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली, अशा गोष्टींना होतं पण तसं. पण चोरी किंवा फसवणूक सांगितली की नीट फादर असतील तर पुढचा प्रश्न येतोच, परत केलंस का? नाही? कधी करणार? परत करायची तयारीच नसेल तर तो पश्चात्तापच खरा नाही, मग पापमुक्ती कशाची. आमच्या कॅटेकिझममध्ये (धर्मशिकवणीच्या अधिकृत पुस्तकात) हे चक्क लिहिलंय (क्रमांक १४५९), की पापमुक्तीने पाप जातं पण पापाने झालेलं नुकसान आपोआप भरून येत नाही, चोरलेलं परत करायचं, कोणाचं नाव खराब केलं असेल तर ते भरून द्यायचं.

माझ्या ओळखीत एक जण दुकानात कामाला होता, गल्ल्यातून थोडे थोडे काढायचा. कन्फेशनला गेला तर फादर म्हणाले मालकाला परत दे, समोर जायची हिंमत नसेल तर पाकिटात घालून दे, पण दे. त्याने दिले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मिठी मारली नाही, मालकाला आजवर कळलेलं नाही कोणी ठेवले. मला जाहीर साक्षीपेक्षा हे जास्त अवघड वाटतं. आतमध्ये अंधारात जाळीपलीकडे एक माणूस, आणि तो वा वा म्हणत नाही.

इथे बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत या कधी, नवस फेडायला मुंबई गोव्याहून लोक लोटतात. मेणबत्त्यांकडे जेवढी गर्दी तेवढी कन्फेशनकडे नसते हेही सांगून टाकतो, आम्ही काही फार वरचढ नाही.

एक_विश्वासी:

वसईवाला दादा आदर आहे पण माणसाने माणसाकडे पाप का सांगायचं? मध्यस्थ एकच, ख्रिस्त. आणि दावीद राजाचं स्तोत्र ५१ बघा, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलंय असं तो देवाला म्हणतो. केवळ तुझ्याविरुद्ध! म्हणजे पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, क्षमाही तोच करणार.

पाळकाचा_पोरगा:

मला हीच ओळ येणार माहीत होती. आमच्याकडे कुठलाही घोटाळेबाज हीच ओळ धरतो.

ताई त्या स्तोत्राच्या वरचं शीर्षक वाचा. उरियाच्या बायकोशी, बथशेबाशी, दाविदाचं प्रकरण झालं, त्यानंतर नाथान संदेष्टा आला तेव्हाचं आहे ते. दावीद उरियाकडे जाऊन माफी मागू शकत होता का? नाही, कारण त्याला लढाईत पुढे उभा करून मारून टाकलेलं. माफी मागायला माणूसच शिल्लक ठेवला नव्हता. आणि नाथानाने त्याला पकडलं कसं? गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली ही गोष्ट सांगून. दाविदाचा निकाल काय? असा माणूस मरणालाच लायक, आणि त्याने मेंढी चौपट भरून द्यावी. म्हणजे देवाविरुद्ध पाप म्हणण्याच्या आधी त्याच्याच तोंडून भरपाई निघाली. इथे आत्या जिवंत आहे, नाशिकरोडला राहते, सिटी बस जाते तिथे.

आणि माणसाकडे का सांगायचं म्हणालात तर याकोब ५:१६, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा. आपल्या प्रोटेस्टंट लोकांना वाटतं कन्फेशन म्हणजे रोमन कॅथलिक लोकांचं खूळ. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरने सक्ती काढली, यादी करून सगळं सांगायची अट काढली, खाजगी कबुली मात्र ठेवली होती. आपण सक्तीबरोबर सवयच टाकून दिली.

शरणपूरकर_आजोबा:

बऱ्याच दिवसांनी वाचण्यासारखा धागा. वय झालं, टायपिंग हळू आहे, समजून घ्या.

आम्ही जुने सी.एम.एस. (चर्च मिशनरी सोसायटी) वाले, १९७० पासून सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). आमच्या उपासनेत सुरुवातीलाच सगळ्यांनी मिळून पापांगिकार म्हणायचा असतो, जे करायला हवं होतं ते केलं नाही, जे करू नये ते केलं, वगैरे. सुंदर आहे. पण साठ वर्षं म्हणून सांगतो, दोनशे माणसं एका सुरात म्हणतात त्यामुळे कोणाचं काय ते कोणालाच टोचत नाही. मी स्वतः ते म्हणता म्हणता कुकरच्या शिट्ट्या झाल्या असतील का हा विचार केलेला आहे. (आमची ही वाचत नाही इथे.)

अवांतर होईल पण शरणपूर म्हटलं की राहवत नाही. ही वसाहत १८५४ ची. धर्मांतर केलं म्हणून घराबाहेर काढलेल्यांना आसरा म्हणून, आणि पुढे अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम पोरंही इथे आणून शिकवली, सुतारकाम लोहारकाम. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ ला आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता, पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. आता विचार येतो की त्या पोरांना विकणाऱ्यांपैकी कोणी कधी त्यांच्यासमोर येऊन चुकलो म्हटलं असेल का. देवासमोर म्हटलं असेल कदाचित. असो. आत्याबाई आमच्याच परिसरातल्या दिसतात, त्यांना माझा सलाम सांगा.

द्राक्षबागायतदार:

आजोबा हे माहीतच नव्हतं, इतकी वर्षं शरणपूर रोडने जातोय. 🙏

वसईवाल्यांना एक प्रश्न, फादरना सगळं सांगतात तर ते फुटत नाही का? २०१८ मध्ये केरळात कन्फेशनचा वापर करून एका बाईला ब्लॅकमेल केल्याची केस गाजलेली ना? महिला आयोगाने कन्फेशनच बंद करा म्हटलं होतं.

वसईवाला_नाशकात:

ती केस ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या धर्मगुरूंवरची होती, कॅथलिक नाही, पण लाज सगळ्यांनाच वाटली. आयोगाच्या शिफारशीला सगळ्याच चर्चेसनी विरोध केला. नियम म्हणाल तर आमच्याकडे एकदम कडक, चर्चच्या कायद्यातलं कॅनन (कलम) ९८३, कन्फेशनमध्ये ऐकलेलं कुठल्याही कारणाने, कुठल्याही मार्गाने उघड करायचं नाही. थेट फोडणारा फादर त्याच क्षणी बहिष्कृत आणि तो बहिष्कार उठवायचा अधिकार रोमलाच. पण आपला कायदा वकिलाला जसं गुपिताचं संरक्षण देतो तसं फादरला देत नाही, आणि पोक्सोमध्ये तर माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवायचंच आहे. तिथे चर्चचा नियम आणि देशाचा कायदा समोरासमोर येतात, आणि माझ्या मते लहान मुलांच्या बाबतीत गुप्ततेचं कौतुक मला सांगू नका. पण तो वेगळा धागा होईल.

कायद्याचं_बोला:

मूळ विषयावर येतो. ख्रिश्चनांना हिंदू वारसा कायदा लागू नाही, भारतीय वारसा कायदा १९२५ लागू. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना समान, मुलगा मुलगी फरक नाही. म्हणजे आत्यांचा हिस्सा उपकार म्हणून नव्हता, हक्कच होता. फसवून घेतलेलं हक्कसोडपत्र रद्द करून मागता येतं पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. बिल्डरचा बोर्ड लागला तेव्हा कळलं म्हणताय, बिल्डिंग उभी राहून लोक राहायला आलेत, म्हणजे ती मुदत गेली असणार. कागद न बघता एवढंच सांगू शकतो.

मिसळ_आणि_मत:

म्हणजे मुदत संपली आणि मग काकांना पश्चात्ताप झाला. वा! टायमिंग बघा.

गोदाकाठची:

@मिसळ_आणि_मत, मलाही पहिल्यांदा हाच संशय आला होता आणि मी बाबांना म्हटलंसुद्धा. पण खरं सांगते, काकांना लिमिटेशन वगैरे माहीत असेल असं वाटत नाही. ऑपरेशननंतर ते खरंच रात्री उठून बसायचे, काकू सांगत होती. रडणं खोटं नाही त्यांचं. म्हणूनच जास्त राग येतो, एवढं मनापासून रडतात तर नाशिकरोडला का जात नाहीत. बाबांनी विचारलं तर म्हणाले, मी देवाच्या पायाशी सगळं ठेवलंय, आता मागचं उकरायचं नाही.

मिसळ_आणि_मत:

फ्लॅट पण देवाच्या पायाशी ठेवला असता.

एक_विश्वासी:

मी दोन दिवस काही लिहिलं नाही कारण राग आला होता सगळ्यांचा. आता शांतपणे लिहिते.

मी क्षमेबद्दल पुस्तकातून बोलत नाहीये. माझा नवरा प्यायचा, मारायचा, सगळं झालंय. त्याने कधीच माफी मागितली नाही, मेला तोवर नाही. मी त्याला क्षमा केली ती तो मागेल म्हणून नाही, मला रोज सकाळी उठून तोच राग चघळायचा नव्हता म्हणून. झोप लागायला लागली मला. कोणी मला तेव्हा म्हटलं असतं की तो आधी भरपाई देईल मगच क्षमा कर तर मी आजही वाट बघत बसले असते. म्हणून मी आत्यांना क्षमा करा म्हणते, काकांसाठी नाही.

पण पाळकाचा_पोरगा, तुमचं एक मान्य. मी क्षमा केली तरी त्याच्या घरी परत गेले नाही. तेव्हा आमच्या मंडळीतल्या लोकांनी मला पण म्हटलं होतं की क्षमा केलीस तर परत का जात नाहीस. त्यांना मी उत्तर दिलं नव्हतं. आता विचार केला तर आत्यांना मी जे लिहिलं ते त्याच लोकांसारखं झालं थोडं.

पाळकाचा_पोरगा:

ताई, दंडवत. तुमच्या झोपेबद्दल माझं एक अक्षर म्हणणं नाही. मनातून सोडून देणं हे आत्यांच्या हातात, त्या कधी करतील ते त्यांचं आणि देवाचं. पण ते केल्यावर काकांचं देणं फिटत नाही ना, देणेकऱ्याचं काम देणेकऱ्याकडेच राहतं. लूक १७:३ मध्येही आधी भावाला दटाव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असा क्रम आहे. दटावणं कोणी करायचं? इथे खरं तर पाळकांनी, मिठी मारायच्या आधी.

जुनी_पानं:

थोडा इतिहास, कारण इथे कोणी काढला नाही. पहिल्या काही शतकांत मोठ्या पापांची कबुली खाजगी नव्हती आणि आजच्या साक्षीसारखी पाच मिनिटांचीही नव्हती. खून, व्यभिचार, छळात विश्वास नाकारणं, असं काही केलेला माणूस प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या वेगळ्या गटात जायचा, प्रभुभोजन बंद, उपवास, मंडळीला माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनवायचं, हे कधी कधी वर्षानुवर्षं, आणि सहसा आयुष्यात एकदाच अशी संधी. मग बिशप त्याला परत आत घ्यायचा. ते इतकं जड होतं की लोक मरणाच्या दारापर्यंत पुढे ढकलायचे. साधारण सहाव्या सातव्या शतकात आयरिश मठवासींनी एकट्यात, पुन्हा पुन्हा करता येणारी कबुली युरोपभर नेली, आणि १२१५ च्या लॅटरन परिषदेने (रोममधल्या चर्चच्या मोठ्या सभेने) वर्षातून एकदा तरी करायचीच असा नियम केला.

जुन्या पद्धतीकडे परत जावं असं मी म्हणत नाही, क्रूरच होती ती. पण त्यात भोजनावाचून कोण राहायचं ते बघा. तुमच्या गुरुवारच्या ट्रेचं वाचलं आणि हेच आठवलं.

गोदाकाठची:

सगळ्यांचे आभार. हा धागा मी काल आत्याला वाचून दाखवला. एक पॉइंट आठ फ्लॅटला ती इतकी हसली की ठसका लागला. शरणपूरकर आजोबांचा सलाम पोचला, म्हणाली कोण असतील ते मला कळलंय.

तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिते, तिने लिही म्हटलंय.

"ट्रे मी रागाने नाही सरकवला. पौलाने लिहिलंय माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. मी माझी परीक्षा केली, माझ्या मनात त्या दिवशी त्याच्याबद्दल वाईट होतं, म्हणून घेतलं नाही. त्याला क्षमा करायची नाही असं मी कुठे म्हटलंय? मी चाळीस वर्षं वॉर्डात काम केलं, जखम साफ न करता वरून पट्टी बांधायला मला कोणी शिकवलेलं नाही. त्याने मला येऊन सांगावं की वारसनोंद म्हणालो आणि हक्कसोड करून घेतलं. एवढं वाक्य. आणि तेच शुक्रवारी सगळ्यांसमोर, माझं नाव घेऊन, कारण रक्ताचा माणूस म्हटल्यावर लोक माझ्याकडेच बघत होते, मीच काही केल्यासारखं. आणि फ्लॅट पण हवा. मी काही संत नाही, भाडं दरवर्षी वाढतं."

शरणपूरकर_आजोबा:

शाब्बास. कळलं मलाही कोण त्या. मेट्रन होत्या तेव्हाही अशाच होत्या.

एक_विश्वासी:

आत्यांना माझ्याकडून सॉरी सांगा. आणि कळवत राहा प्लीज.

गोदाकाठची:

अपडेट, आठवडा झाला.

बाबा काकांकडे गेले आणि आत्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. काका गप्प. काकू म्हणाली बरोबर आहे तिचं, मी तेव्हाच म्हणत होते. (तेव्हा काही म्हणत नव्हती, पण जाऊ दे.) चुलतभावाचा मात्र मला फोन आला, भयंकर चिडून, पप्पांनी साक्ष दिलीय, आमचे फ्लॅट नाही दिलेले. हे वाक्य मी आमच्या पाळकांना फॉरवर्ड केलं. व्हॉइस नोटच होती त्यामुळे आवाजासकट गेलं. पाळकांचा रात्री उशिरा रिप्लाय आला, मी त्या दिवशी घाई केली, आधी तुमच्या आत्याला भेटायला हवं होतं. मला त्यांच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती खरं तर.

आता पाळक काकांना घेऊन रविवारी उपासनेनंतर आत्याकडे येतायत. काका यायला तयार झालेत, फ्लॅटचं काही बोलले नाहीत, फक्त विचारलं ती चहा देईल का. आत्या म्हणाली देईन, साखर नाही घालणार, त्याला डायबेटिस आहे.

वसईवाला_नाशकात:

येणं हेच मोठं. तिथे पाळकांना बोलू देऊ नका जास्त, काकांना बोलू द्या.

कायद्याचं_बोला:

भेट चांगली झाली तर पुढचं लगेच करा, वय आणि तब्येत दोन्ही बघता. काका बहिणीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करू शकतात, स्टॅम्प ड्यूटी लागेल, तोंडी दिलं घेतलं याला अर्थ नाही. पण त्याआधी तिन्ही फ्लॅट कोणाकोणाच्या नावावर आहेत ते कागदावर बघा, मुलाच्या नावावरचा फ्लॅट काका देऊ शकत नाहीत, कितीही पश्चात्ताप झाला तरी.

गोदाकाठची:

बघितलं, बाबांकडे कॉपी होती. दोन काकांच्या नावे, एक मुलाच्या. काकांच्या दोनपैकी एक चौथ्या मजल्यावर आहे आणि एक पहिल्या. आत्या म्हणते पहिल्यावरचा, लिफ्ट सारखी बंद असते तिथे, आणि तिचे गुडघे गेलेत.